देवासाठी गोळी चालते

अन्याय झाला तो माझ्या मैत्रिणीवर. मागच्या भाद्रपदात, गौरी जेवायच्या दिवशी, दुपारी. नैवेद्याचं ताट वाढून तयार होतं आणि गौरींपुढं अजून ठेवलेलं नव्हतं, त्या मधल्या वेळात. जागा तिच्या सासरची पडवी. यवतच्या पुढं, कासुर्डीच्या शिवारात. मी तिथं बसलेले होते, त्यामुळं ऐकीव काही सांगत नाही.

अन्याय म्हटलं की लोक आधी विचारतात, मारलं का? नाही मारलं. घराबाहेर काढलं? तेही नाही. संध्याकाळी तिच्या ताटात पुरणपोळी पडली, वर तूपही पडलं. म्हणून या गोष्टीची तक्रार कुठं करायची ते मला आजवर कळलेलं नाही. चौकीत जाऊन काय लिहून देऊ? सासू चारचौघींत बोलली आणि नवरा गप्प राहिला, हा कुठल्या कलमात बसणारा गुन्हा आहे?

आम्ही दोघी शिरूर तालुक्यातल्या, घोडनदीच्या काठच्या एकाच गावच्या. शाळेत एका बाकावर. तिचं घर पूर्वी मेंढरांमागं फिरणारं. आजोबांनी फिरणं सोडलं, वडलांनी ऊस आणि कांदा धरला. माझं घर बौद्ध वस्तीतलं, वडील शिरूरला नोकरीला. आठवीपासून ती महिन्यातले काही दिवस शाळा सुटली की घराच्या दाराबाहेर पोत्यावर बसलेली असायची. मी वह्या द्यायला गेले की तिची आई चुलीपासून ओरडायची, शिवू नको गं तिला, कावळा शिवलाय. आमच्या वस्तीत ही रीत आजोबांच्या पिढीनंच टाकून दिली होती, म्हणून मला नवल वाटायचं. आमच्याकडं सगळं आलबेल आहे असंही नाही. माझी चुलती सुनेची पाळी चुकली हे सुनेच्या आधी ओळखते आणि पाण्याच्या टाकीपाशी सगळ्या गल्लीला सांगते. दोन्हीकडं बाईचं अंग म्हणजे गावचा फलक. आम्ही तो फक्त वेगळ्या जागी लावलाय.

कॉलेज झालं, तिचं लग्न झालं, मी संस्थेत लागले. संस्था म्हणजे काय, तर दोन खोल्या, एक जुना प्रिंटर आणि पत्रकांचे गठ्ठे. शिरूर आणि दौंड हे आमचे तालुके. बाजाराच्या दिवशी गावोगाव उभं राहायचं आणि बायकांच्या हातात पत्रक द्यायचं. तांबी, गोळ्या, तीन महिन्यांचं इंजेक्शन, ऑपरेशन, बिनटाक्याचं पुरुषांचं ऑपरेशन. सगळं आरोग्य केंद्रात फुकट. पत्रकावर हसणारं जोडपं, त्यांना एक मुलगा, एक मुलगी. त्या जोडप्याला मी इतक्यांदा वाटलंय की रस्त्यात भेटले तर ओळख दाखवीन. भेळवाले त्यांचे कोन करतात. त्यातही मी म्हणते, करू देत, भेळ खाता खाता कुणी वाचेल.

मैत्रिणीला दोन मुली झाल्या. दुसरीच्या वेळी रक्त इतकं गेलं की पुण्याला हलवायची भाषा झाली. डॉक्टरनं नवऱ्याला आणि सासूला समोर उभं करून सांगितलं, तीन वर्षं पुढचं नाव काढायचं नाही, हिच्या अंगात रक्त नाही. दोघांनी माना हलवल्या. घरी आल्यावर त्या विषयावर कुणी काही बोललं नाही. आपल्याकडं असलं न बोलताच ठरतं, आणि न बोलताच मोडतं.

ती मात्र माझ्याशी फोनवर बोलली. "मला तीन वर्षं गप बसू दे," म्हणाली. "अंगात जीव येऊ दे. धाकटी अंगणवाडीत गेली की भांडगावला कंपनीत पॅकिंगला जाईन म्हणते. गावातल्या दोघी जातात, गाडी दारात येती. मला बाकी काय नको."

तिची मागणी एवढीच होती. तीन वर्षं. मी तिला पत्रकातलं सगळं सांगितलं. तांबीला ती भ्यायली, आत काहीतरी बसवायचं म्हणून. रोजची गोळी ठेवायची कुठं? घरात तिच्या नावाचं कुलपाचं कपाटच नाही. इंजेक्शन तिला पटलं. दंडात घ्यायचं, घरी यायचं, तीन महिने बघायला नको. पत्रकात त्यासमोर ठळक अक्षरात एक ओळ होती: घेतल्याचं कुणालाही कळत नाही.

ही ओळ ज्यानं लिहिली त्याच्या घरात बाई बाजूला बसत नसणार.

नवऱ्यानंच तिला मोटारसायकलवर केंद्रात नेलं. हे नीट लक्षात ठेवा. तो बाहेर लिंबाखाली थांबला, ती आत जाऊन इंजेक्शन घेऊन आली, येताना दोघांनी यवतला रसवंतीवर रस प्यायला. मला त्या दिवशी त्याचं कौतुक वाटलं होतं. शंभरातला एक निघाला, असं मी आमच्या बैठकीत सांगितलंसुद्धा.

या इंजेक्शननं सुरुवातीला पाळीचं वेळापत्रक बिघडतं. कुणाची पाळी येतच नाही, कुणाला मधेमधे डाग लागत राहतात. ते धोक्याचं नसतं, बहुतेकींचं पुढं थांबतं. हे पत्रकातही होतं, बारीक अक्षरात. दवाखान्याच्या दृष्टीनं ही किरकोळ तक्रार. तिच्या घरात ती किरकोळ नव्हती. त्या घरात रक्ताचा डाग दिसला की बाईनं पडवीत यायचं. तिथं तिची वेगळी चटई, वेगळी गोधडी, वेगळा तांब्या. चुलीला हात नाही, पाण्याला नाही, देवाकडं बघायचं नाही, उरलेल्या चार मेंढरांच्या वाघरीत, जाळीच्या कोंडवाड्यातही, पाय टाकायचा नाही. शेवटच्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन आत जायचं. तर ती आत गेली, आणि पुन्हा डाग लागला म्हणून बाहेर आली. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. पडवी रस्त्याला लागून. येणारी-जाणारी बाई विचारायची, अगं, परवा तर बसली व्हतीस की?

घरातलं सगळं काम सासूवर पडलं. धाकटी आईकडं जायला रडायची. मग सासू तिचं झबलं काढायची आणि उघडीच तिला आईकडं सोडायची, कारण उघड्या पोराला विटाळ लागत नाही. परत घेताना वरून पाण्याचे दोन थेंब शिंपडायची. पावसाळी हवेत पोर दिवसभर उघडी. तिला सर्दी झाली. सासूला ताप आला. आणि हे सगळं कशानं चाललंय हे माहीत असणारी दोनच माणसं त्या घरात होती. एक पडवीत बसलेली आणि दुसरा टेम्पो घेऊन भाड्यावर गेलेला.

मी केंद्रातल्या सिस्टरला फोन केला. तिनं सांगितलं ते चूक नव्हतं. होतं असं, घाबरायचं नाही, पुढचा डोस चुकवू नका. मी म्हटलं, पण तिला बाजूला बसावं लागतंय. सिस्टर म्हणाली, आता त्याला मी काय करू? माझ्याकडं त्याला औषध आहे का?

गौरी जवळ आल्या. गौरीला सून आत पाहिजे. पुरण कोण वाटणार, मुखवटे कोण बसवणार, थोरल्या सुनेचा मान कोण घेणार? सासू स्वतः यवतला गेली आणि मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेऊन आली. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. भाद्रपदात त्या गोळ्या काउंटरवर पुढंच ठेवलेल्या असतात. 'गौरीच्या गोळ्या' म्हटलं की दुकानदार मान वर न करता काढून देतो. मी हे बघितलेलं आहे. आमच्या शिरूरलाही हेच. जी बाई मला बाजारात सांगते की तुमच्या गोळ्यांनी उष्णता होती, पिशवी सुकती, पुढं मूल ऱ्हात न्हाई, तीच बाई गौरीला, नवरात्राला, सत्यनारायणाला सुनेच्या तळहातावर गोळी ठेवून वर पाणी देते. एकदा मी विचारलं होतं, ही गोळी बाधत नाही का? त्यावर उत्तर आलं, ती देवासाठी असती, तिनं काय व्हतंय.

दौंडला आमची एक बैठक झाली होती. आरोग्य खात्याचे साहेब खुर्चीत मागं रेलून म्हणाले, ग्रामीण महिलांमध्ये जागृती नाही, गैरसमज फार आहेत. मी तेव्हा मान हलवली. आता वाटतं की त्या खुर्चीतून पडवी दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. गोळी कुठं मिळते, ती कशी घ्यायची, कधी बंद करायची, हे तिथल्या अडाणी म्हातारीलासुद्धा पाठ आहे. गोळी कुणासाठी घ्यायची यावर सगळं अडतं.

तर गौरी जेवायचा दिवस. मैत्रिणीच्या आईनं माझ्याजवळ लेकीसाठी साडी आणि शिदोरी दिली होती, कारण माझं यवतला काम होतं. शिरूरहून चौफुल्याची एसटी, पुढं वडापची जीप. दुपारच्या सुमारास पोचले. ती पडवीत चटईवर. आदल्या दोन दिवसांत गोळ्यांनी थांबल्यासारखं वाटलं होतं, आणि ऐन सकाळी पुन्हा डाग लागला. मला तिच्याशेजारी खुर्ची टाकून दिली. आतून भजनाचा, भांड्यांचा, बायकांचा आवाज. आत चला असं मला कुणी म्हटलं नाही. आतल्या बायकांना चहा स्टीलच्या पेल्यात गेला, मला कागदी कपात आला. ती बाहेर का, हे प्रत्येकजण सांगत होता. मी बाहेर का, हे कुणी सांगितलं नाही.

तिनं माझ्या कपाकडं बघितलं आणि हळू म्हणाली, "आज परत एका बाकावर आलो बघ आपण." दोघी हसलो. बाहेर हसायचीही चोरी होती, म्हणून तोंडाला पदर लावून.

मला तोवर माहीत नव्हतं की आदल्या दिवशी, गोळ्यांचा भरवसा वाटेना म्हणून, सासूनं तिला यवतच्या एका खासगी डॉक्टरकडं नेलं होतं. डॉक्टरनं विचारलं, तिनं खरं सांगितलं, आणि त्यानं ते जसंच्या तसं सासूला सांगून टाकलं. त्यात काही वावगं आहे असं त्याला वाटलंही नसेल. सुनेचं काय गुपित असायचं? सासूनं ते पोटात ठेवलं. गौरी घरात येत होत्या, त्या वेळी तोंड उघडायचं नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी ताट वाढून झालं, तिनं दारातून सून चटईवर बसलेली बघितली, आणि तिला राहवलं नाही.

ती उंबऱ्यात आली. मागं भावकीतल्या जावा, चुलत सासऱ्यांच्या घरच्या बायका, शेजारणी.

"कुणाला इचारून टोचून घेतलंस?"

मैत्रीण खाली बघत राहिली.

"माझ्या गौरी बाटवल्यास. वरीसभर मी वाट बघती या दिवसाची. आन् आपल्या हातानं रगात लावून घेऊन तू बसलीस व्हय इथं?" मग माझ्याकडं बघून, "आन् ही आली बघा, शिकवणारी."

मी उठणार होते. मैत्रिणीनं माझ्याकडं बघितलं नाही, ती नवऱ्याकडं बघत होती. तो दारात, आईच्या मागं, हातात केळीचं पान धरून उभा. ज्यानं तिला नेलं, जो लिंबाखाली थांबला, ज्यानं रस पाजला. त्यानं एवढंच म्हणायला हवं होतं की मी नेलं होतं. त्यानं पानाकडं बघितलं. मग म्हणाला, "जाऊ दे आई. निवद थंड व्हतोय."

मी अन्याय म्हणते तो या वाक्याला.

सासूला वचन पाहिजे होतं, पुन्हा टोचून घेणार नाही असं. भंडाऱ्याची शपथ घालायची, तर भंडाऱ्याला तिनं हात लावायचा नाही. मग धाकटीला आणली, तिचं झबलं काढलं आणि उघड्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून मैत्रिणीनं शपथ घेतली. पोरीला वाटलं आई खेळतेय. ती हसत होती. त्यानंतर नैवेद्य दाखवला.

सासूला राक्षसीण करून मला हे संपवता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पत्रकात तसंच करतात. पण पंगती उठल्यावर ती स्वतःच बाहेर येऊन पायरीवर बसली, माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि पाठीला हात लावत बोलायला लागली. चौथ्या बाळंतपणानंतर तिचं ऑपरेशन झालं होतं. ट्रकमध्ये घालून गावच्या बायका नेल्या, शाळेच्या वर्गात सतरंज्यांवर ओळीनं निजवल्या. तिसऱ्या प्रहराला परत ट्रकमध्ये. तेव्हापासून कमरेत कळ आहे ती गेली नाही. खुरपताना उठवत नाही. ऑपरेशनच्या आधी रोज दारात कुणी ना कुणी यायचं, साहेब यायचे, मास्तर यायचे. नंतर कोण आलं नाही.

"एक माणूस आलं न्हाई इचारायला, की बाई, जगलीस का मेलीस," ती म्हणाली. "आता इतक्या वर्सानं तू आलीस. ते पन माझ्यासाठी न्हाई."

कळ ऑपरेशननं आहे की चार बाळंतपणं आणि जन्मभर वाकून केलेल्या कामानं, ते मी काय सांगणार होते? विचारायला कुणी गेलं नाही, हे तर खरंच होतं. या सरकारी सेवेची आठवण म्हणजे तिच्या लेखी ट्रक. ती आठवण तिनं सुनेच्या वाट्याला येऊ द्यायची नाही असं ठरवलं, तर त्याला मी गैरसमज कशी म्हणू?

पण त्यानं मैत्रिणीचं भागत नव्हतं. तिची तीन वर्षं तशीच उघडी पडली होती.

मग तांबीचं काढलं. तिची भीती आता गेली होती, कारण दुसऱ्या भीत्या मोठ्या झाल्या होत्या. तांबी दिसत नाही, दर तीन महिन्यांनी जावं लागत नाही, आणि शपथ फक्त टोचून घेण्याची होती, असं ती म्हणाली. वकिलासारखं बोलली. मी सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, पाळी चालू असताना पाठव, म्हणजे पोटात काही नाही याची खात्री असते. मी मैत्रिणीला हे सांगितल्यावर ती फोनवर इतका वेळ हसली की मला वाटलं रडतेय.

"त्या दिसांत मी कुठं असती ठाव हाय न्हवं तुला? साऱ्या गावाला दिसती तिथं. ह्यांच्या गाडीवर बसायचं न्हाई, ह्यांना शिवायचं न्हाई. चटईसकट नेतीस का मला?"

मी पुन्हा सिस्टरकडं गेले. या केंद्राचं नाव घेत नाही. घेतलं तर बदली सिस्टरची होईल, आणि जी येईल तीही हेच सांगेल. मी म्हटलं, एरवी नाही का बसवता येत? तपासणी करून? ती म्हणाली, येते, पण मग काही उलटं झालं तर माझ्यावर येतं. टेबलावर लसीकरणाचं काम पडलेलं, बाहेर बाळं रडत होती. "आमच्याकडं पण बसवतात की बाजूला," ती अचानक म्हणाली. "मी पण बसते. सकाळी इथं इंजेक्शन देते आन् घरी गेले की कोपऱ्यात. नोकरी आहे म्हणून घरी काही सूट मिळत नाही." आणि पुढच्या बाळाला बोलावलं.

नवऱ्याला मी चौफुल्यावर चहाच्या टपरीशी गाठलं, त्याचा टेम्पो कांदा उतरवून परत चालला होता. मी सरळ विचारलं, तुम्ही का नाही करून घेत, बिनटाक्याचं, संध्याकाळी घरी. तो मोठ्या आदरानं ताई ताई करत होता. ओझं उचलायचं काम आहे, म्हणाला. मी म्हटलं, थोड्या दिवसांनी उचलता येतं. मग म्हणाला, गावात कळलं तर पोरं टेम्पोच्या मागं काहीबाही लिहितील. तिचं सगळ्या गावाला कळलं ते चाललं, हे मी म्हटलं. आणि त्या दिवशी तुम्ही फक्त 'मी नेलं होतं' एवढं बोलायचं होतं, हेही म्हटलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "बोलायचं व्हतं खरं," म्हणाला. माणूस वाईट नाही, हे मला कित्येकांनी सांगितलंय. मलाही वाटतं. त्याचा तिला उपयोग काय, एवढं कुणी सांगत नाही.

पुढं नवरात्र आलं. घट बसायच्या आधी सासूनं गोळ्या आणल्या. नंतर दिराच्या लग्नाचं जागरण निघालं, पुन्हा गोळ्या. मार्गशीर्षात चंपाषष्ठी, खंडोबाचं घरचं नवरात्र, पुन्हा गोळ्या. देव एकामागून एक येत होते आणि प्रत्येक देवाला सून धडधाकट, आत, चुलीपाशी लागत होती. पाळी पुढं, पुढं, आणखी पुढं. तांबीसाठी पाळी लागते, ती तर पुढंच ढकलली जात होती. मी फोन करून विचारायचे, काय ठरवलंस? ती म्हणायची, बघू. एकदा मात्र तिचा आवाज मोकळा वाटला.

"आता कसली भीती?" म्हणाली. "गोळ्या चालूच हाईत की माझ्या."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग मी म्हटलं, अगं, या त्या गोळ्या नाहीत.

"गोळी ती गोळीच न्हवं?"

मी समजावून सांगितलं. ही पाळी थांबवते, दिवस जाणं थांबवत नाही. मग ती म्हणाली, पाळीच थांबली तर पोट कसं ऱ्हाईल? तिनं लावलेला हिशेब शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला धरून होता. पाकिटावर सगळं इंग्रजीत मुंगीएवढ्या अक्षरात. दुकानदारानं कधी तोंड उघडलं नाही, कारण 'गौरीच्या गोळ्या' मागणाऱ्या म्हातारीशी कुटुंब नियोजनाचं बोलणं त्याला अवघड वाटलं असणार. आमच्या पत्रकात सगळ्या गोळ्या आहेत, ही नाही. तिचा धर्माशी संबंध, तिला हात लावायचा नाही, असं वरून ठरलेलं.

माघात तिनंच फोन केला. काही सांगायच्या आधी नुसती "हं" म्हणाली, तेवढ्यानं कळलं, दिवस गेलेत. मी म्हटलं, नको असेल तर गर्भपात कायद्यानं होतो, मी घेऊन जाते तुला, माझी जबाबदारी. ती म्हणाली, नको. परत त्या पडवीत साऱ्या भावकीपुढं माझं पोट उघडं करतील. एकदा झालं तेवढं बास.

परवा जाऊन आले. रक्त कमीच आहे. नखं पांढरी, जिना चढल्यासारखी धाप, आणि ती तर नुसती ओट्यावरून आत आली होती. भांडगावच्या कंपनीची गाडी दारावरून गेली, त्यातल्या दोघींनी हात केला, तिनंही केला. सासू तिच्यासाठी खजूर आणि शेंगदाण्याचा लाडू करून ठेवते, दुपारी बळंच निजवते, आणि नातू मागते. तेही सगळं खरं. धाकटी पाठीवर लोंबकळत होती, अंगात कपडे घालून. थोरली मांडीवर डोकं ठेवून पडलेली. मी म्हटलं, कसं वाटतंय?

ती चुलीत लाकूड सारत म्हणाली, "एक बरंय बघ. नऊ महिने बाजूला बसायचं न्हाई."

परतीच्या एसटीत माझ्या पिशवीत पत्रकं होती, मी ती वाटली नाहीत. शिरूरला उतरल्यावरही नाही. दमले आहे मी. तिला तीन वर्षं मिळाली नाहीत, आता तिचा जीव कसा निभावतो ते बघत बसायचं. बाई पोटुशी राहिल्यावर तिला घरात मोकळं फिरू देतात आणि एरवी महिन्याच्या महिन्याला उंबऱ्याबाहेर काढतात. अशा घरात केंद्रातून काय फुकट मिळतं हे सांगून काय होणार?

म्हणून हे वाचणाऱ्या तुमच्याकडं एक मागणी आहे. गावाची नाही, सरकारची नाही, तुमच्याच घरातली. तुमच्या घरात बाई पाळीत बाजूला बसत असेल, कोपऱ्यात, पडवीत, वेगळ्या गादीवर, कशीही, तर या महिन्यापासून तिला बसवू नका. ती बोलेल याची वाट बघू नका, ती बोलणार नाही. तुम्ही सासू असाल तर तिला स्वतः हाताला धरून आत घ्या. तुम्ही पुरुष असाल तर आईपुढं, बहिणीपुढं, भावकीपुढं उभं राहून मोठ्यानं म्हणा, की हे मी बंद केलंय. आणि तिला कधी केंद्रात नेलं असेल, तर नेलं म्हणून सांगा.